घरच्याचा गळा

पहिला फुगा फुटला तेव्हा मी उठून दारापर्यंत पोचलोसुद्धा होतो. मच्छिंद्र मात्र जागचा हलला नाही. तोंडावर उडालेला साबणाचा फेस त्यानं बाहीनं पुसला, हातातल्या वस्तऱ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "धार आहे याला."

"असणारच," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "दुसरा फुगवा."

"मॅडम, तुम्ही याच्या हातात खरं ब्लेड दिलंय?" मी दारातूनच विचारलं.

"अर्धं ब्लेड. आणि मी समोर बसलेय. तुम्हीही बसा, दिगंबरभाऊ. तुम्ही असे दारात उभे राहिलात की त्याला वाटतं, निघाले."

मी बसलो. मच्छिंद्रनं दुसरा फुगा फुगवला, गाठ मारली, ब्रशानं त्याला बेतानं फेस लावला आणि दोन बोटांनी फुगा ताणून धरला, जसा आम्ही गाल ताणून धरतो तसा. हात थरथरत होता. वस्तरा टेकला आणि तोही फुगा फुटला. मॅडमनी तिसरा काढून दिला.

ही जागा म्हणजे मनोरुग्णालयाच्या मागच्या अंगाची एक लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला सुतारकाम, मधे हातमाग, खिडकीशी पाकिटं चिकटवणारे. पाटीवर 'व्यवसायोपचार विभाग' असं लिहिलेलं, पण आतले-बाहेरचे सगळे तिला कामाची शेडच म्हणायचे. नसीम तांबोळी मॅडम ती चालवायच्या. बारीक चणीची बाई, आवाज मात्र एसटी कंडक्टरचा.

मच्छिंद्र माझा धाकटा भाऊ. आम्ही न्हावी. वाघळ्याच्या बाजारात, स्टँडसमोर, आमच्या वडिलांनी म्हणजे अण्णांनी घातलेलं दुकान होतं. दोन खुर्च्या आणि समोरासमोरच्या भिंतींवर दोन मोठे आरसे. एका खुर्चीमागं मी, दुसरीमागं तो. खरं सांगायचं तर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला. माझ्या खुर्चीवर लोक गप्पा मारायला बसायचे, त्याच्या खुर्चीवर दाढी करायला. सोमवारी आमची दुकानं बंद असतात, म्हणून मी सोमवारचा त्याला भेटायला जायचो.

आजाराची सुरुवात आरशापासून झाली. समोरासमोर आरसे असले की माणसामागं माणूस, त्याच्यामागं माणूस अशी रांग दिसते. लहानपणी आम्ही त्यात वेडीवाकडी तोंडं करायचो. एक दिवस मच्छिंद्र म्हणाला, "दादा, त्या रांगेतला शेवटचा आहे ना, तो बोलतो." मी हसून म्हटलं, "मग त्याला सांग, नंबर येईपर्यंत बस." मला काय कळणार? पुढं एका सकाळी दुकान उघडलं तर दोन्ही आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली.

आणि मग भोर गुरुजींची दाढी झाली. म्हणजे अर्धी झाली. गुरुजींनी आम्हा दोघांनाही शाळेत शिकवलेलं. मच्छिंद्रनं त्यांचं डोकं मागं टेकवलं, एक गाल उरकला, वस्तरा गळ्याच्या घाटीवर ठेवला आणि थांबला. डोकं एका बाजूला कलतं करून कुणाचं तरी ऐकत राहिला. गुरुजींचे डोळे छताला लागलेले. बराच वेळ असा गेला. शेवटी गुरुजी खुर्चीतून खाली घसरले आणि गळ्यात कापड, अर्ध्या तोंडाला फेस, अशा अवतारात बाजारातून पळत सुटले. त्यांना साधा ओरखडा उठला नव्हता. पण वाघळ्याला तेवढं पुरलं. मच्छिंद्रच्या खुर्चीवर माशी बसेना, ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि त्यानं जेवण सोडलं तेव्हा आम्ही त्याला इथं आणला.

गोळ्यांनी आवाज कमी झाले. पण आवाज गेले आणि माणूस रिकामा झाला, असं झालं. भिंतीकडं तोंड करून बसायचा. पाकिटं चिकटवायला बसवलं तर खळ न लावताच कागद दुमडत राहायचा. एकदा वॉर्डात दाढ्या करायला बाहेरचा न्हावी आला होता, तो घाईघाईनं एका म्हाताऱ्याचं तोंड खरवडत होता. मच्छिंद्र उठला, म्हाताऱ्याची हनुवटी धरून त्यानं तोंड उजेडाकडं वळवलं आणि गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरली. तो न्हावी चिडला. तांबोळी मॅडमनी हे लांबून बघितलं, आणि पुढच्या सोमवारी मला गाठलं.

"त्याची धोपटी घरी आहे का? वस्तरा, ब्रश, वाटी, सगळं?"

"मॅडम, तुम्हाला वेड लागलंय का?" मी म्हणून गेलो. कुठं उभा राहून काय बोलतोय ते नंतर लक्षात आलं.

त्या हसल्या. "हे बघा भाऊ, गोळ्या आवाज बंद करतात. ते डॉक्टरांचं काम. आवाज बंद झाल्यावर सबंध दिवस मोकळा पडतो. त्या दिवसाचं माणसानं करायचं काय? ते माझं काम. त्याचे हात काय शोधतायत ते मी पाहिलंय. धोपटी आणा."

मी आणली. मॅडमनी त्याला आधी फक्त फेस करायला लावला. मग दुसऱ्याच्या तोंडाला फेस लावायचा. मग बिनब्लेडचा वस्तरा घेऊन तो फेस काढायचा. कधी म्हाताऱ्याचा, कधी सुतारकामवाल्या दाजीचा, सोमवारी माझा. गळ्यावर तो वस्तरा फिरताना हाताची थरथर त्याच्या पत्र्यातून अशी लागायची की उभ्या एसटीच्या खिडकीला डोकं टेकलंय असं वाटावं. पण तो आता बोलायला लागला होता. "दादा, साबण बदलला का रे? फेस बसतोय." असलं काहीतरी. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश असायचो.

थरथर गोळ्यांची होती. डॉक्टरांनी गोळी कमी करून पाहिली, तिच्यावर उताऱ्याची दुसरी दिली. थरथर कमी झाली, गेली नाही.

"एवढा कंप कदाचित राहील, मच्छिंद्र," मॅडमनी त्याला माझ्यासमोरच सांगितलं. "आपण प्रयत्न करू. नाही जमलं तर दुसरं काहीतरी शोधू."

"दुसरं काय?" तो म्हणाला. "न्हाव्यानं वस्तरा धरायचा नाही तर दुसरं काय धरायचं?"

मॅडम काही बोलणार होत्या, पण त्यानं पुढचा फुगा तोंडाला लावला होता.

सोमवारामागून सोमवार फुगे फुटले. मग एका सोमवारी एक फुगा राहिला. फेस निघाला आणि फुगा साबणाच्या पाण्यानं चकचकीत, तसाच अख्खा. मॅडमनी टाळी वाजवली. पुढच्या खेपेला एकही फुटला नाही. मच्छिंद्रचा हात असा चालत होता की मी बघत राहिलो.

"काय रे, कसं काय जमवलंस?" मी विचारलं.

"सवय," तो म्हणाला आणि वस्तरा पुसून ठेवला.

मी त्या दिवशी पेढे घेऊन आलो आणि शेडभर वाटले. आमच्या घरात कैक महिन्यांनी आनंद झाला होता. त्यात कुणाला काय विचारायचं सुचणार.

मॅडम आता त्याला घरी सोडायचं बोलायला लागल्या. पण घरी येऊन तो करणार काय, हा प्रश्न होताच, आणि त्याचं उत्तर अण्णांकडं होतं. मॅडम स्वतः घरी आल्या. अण्णा दम्यानं बाजेवर बसलेले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फुग्याचं कौतुक मला सांगू नका, बाई," अण्णा म्हणाले. "फुग्याला बायकापोरं नसतात. आमच्या घरात रीत आहे. नवा हात आधी घरच्याच्या गळ्यावर चालतो, मग गिऱ्हाइकाच्या. मी माझ्या बापाच्या गळ्यावर शिकलो, ही दोघं माझ्या. दुकान उघडं ठेवून, चार लोकांच्या देखत. त्याचा हात आता पुन्हा नवाच समजायचा."

"चालेल की," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी करू. दुकान बंदच असतं. शटर खाली ओढून, शांतपणे."

"झाकून केलं तर लोक म्हणतील, झाकण्यासारखंच आहे. शटर वर राहील."

"अण्णा, पहिल्याच दिवशी एवढे डोळे त्याच्यावर नकोत."

"डोळे त्याच्यावर आहेतच, बाई. ते फिरवायचे असतील तर हाच रस्ता."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मला अण्णांचं पटत होतं, मॅडमचंही पटत होतं. शेवटी सोमवार मॅडमचा आणि शटर अण्णांचं, असं ठरलं. अण्णांना स्वतःच बसायचं होतं, पण खोकल्याची उबळ कधी येईल त्याचा नेम नव्हता. मला म्हणाले, "दिगू, गळा तुझा."

त्या दिवशी सकाळी शोभानं, माझ्या बायकोनं, मला डबा भरून दिला. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर. वेळ आलीच तर दवाखान्यात उपयोगी पडावा म्हणून दिला असणार.

रुग्णालयाच्या जीपमधून मॅडम मच्छिंद्रला घेऊन आल्या. स्वच्छ शर्ट, केस नीट विंचरलेले, काखेत धोपटी. सोमवारी आमचं शटर वर म्हटल्यावर बाजाराला कळायला वेळ लागला नाही. पानवाला आला, शिंपी आला, स्टँडवरचे हमाल आले. सगळे पायरीच्या खाली, अंतर राखून. अण्णा दारातल्या स्टुलावर. मॅडम आत, कोपऱ्यात. गर्दीत मागं भोर गुरुजीही दिसले. निवृत्त झाले होते, हातात काठी होती.

मी खुर्चीत बसलो. मच्छिंद्रनं कापड झटकून माझ्या गळ्याभोवती बांधलं, कॉलर आत दुमडली. फेस केला, लावला. हात कसा गोल गोल फिरत होता, जणू मधला काळ नव्हताच. वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं, ते मी आरशात बघितलं. त्यानं मात्र आरशाकडं बघितलं नाही.

उजवा गाल झाला. डावा झाला. बाहेर कुणीतरी "वा" म्हणालं. ओठांवरची बारीक जागा, हनुवटीची खळी, सगळं एका दमात. मी डोळे मिटले होते. न्हाव्याच्या कातडीला वस्तरा कळतो, सांगायला लागत नाही. आणि तेवढ्यात मला कळलं की थरथर नाही.

थोडी नाही असं नव्हे, मुळीच नाही. सवयीनं हात बसतो हे मला मान्य. पण आतून येणारी थरथर सवयीनं जात नाही. डॉक्टरांनी इतके उपाय केले तरी ती गेली नव्हती. ती गोळीबरोबर आलेली, ती गोळीबरोबरच जाणार. हे ध्यानात आलं तेव्हा वस्तरा नेमका गळ्यावर होता.

घाटीवर येऊन हात थांबला.

मी डोळे उघडले. त्याचं डोकं एका बाजूला कललेलं होतं.

"दादा, हलू नको," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

"नाही हलत."

"ते म्हणतायत, हलू नको."

"कोण?"

"शेवटचा."

ओठ न हलवता मी विचारलं, "गोळ्या?"

"गोळीनं हात हलतो, दादा." त्याचा आवाज लहानपणी चोरून बोरं खाल्ल्यावर यायचा तसाच होता. "सांगू नको. एवढी होऊ दे."

मला खूप भीती वाटली, हे मी आजही लपवत नाही. त्याच वेळी मला त्याची इतकी दया आली की उठून त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण उठणार कसा? मी तसाच पडून राहिलो. मग वस्तरा पुन्हा चालू लागला. घाटीवरून खाली, कानाखालून पुढं, अलगद. त्यानं तोंड पुसलं, तुरटी फिरवली, कापड सोडून झटकलं आणि म्हणाला, "झालं."

मी गालावरून हात फिरवला. अशी दाढी माझी कधी कुणी केली नव्हती. बाहेर लोक बोलायला लागले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अण्णा स्टुलावर बसल्या बसल्या पंच्यानं डोळे पुसत होते. मॅडमचा चेहरा उजळला होता. मी उठलो आणि मॅडमकडं निघालो. त्यांना हळूच बाजूला घ्यायचं, गाजावाजा न करता त्याला जीपमध्ये बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चार पावलांचं अंतर.

पण गर्दीतून भोर गुरुजी पुढं आले. काठी टेकत पायरी चढले, टोपी काढून खुंटीला लावली आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

"मच्छिंद्र," ते म्हणाले, "माझी अर्धी राहिली होती. पुरी कर."

आजही ते आठवलं की मला भरून येतं. त्या माणसाला एकदा दुधानं तोंड पोळलं होतं, आणि तो सगळ्या बाजारासमोर पुन्हा दूध प्यायला बसला होता. अण्णा तर उठून उभेच राहिले. सगळं गाव ज्याची वाट बघत होतं ते आपण होऊन घडत होतं. मच्छिंद्रनं कापड बांधलं. फेस लावला. वस्तरा उचलला.

"मच्छिंद्र," मी म्हणालो, "आज एवढंच पुरे."

त्यानं ऐकलं नाही. किंवा दुसरंच काहीतरी ऐकत होता. डोकं पुन्हा कललं.

"दिगू, मधे येऊ नको," अण्णा दारातून म्हणाले.

गुरुजींची दाढीही त्यानं नीट केली असती. मला तसं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. माझी केलीच होती ना? पण माझा गळा माझा होता, तो मी ठेवला. माझ्या वाटण्यावर दुसऱ्याचा गळा कसा ठेवणार?

"दे तो वस्तरा," मी म्हणालो आणि हात पुढं केला. तो मागं सरला. मी मनगट धरायला गेलो, त्यानं हात वळवला, आणि माझी मूठ पात्यावर मिटली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गुरुजींच्या गळ्यातल्या पांढऱ्या कापडावर रक्त पडलं आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "कापलं, भावाला कापलं." मग काय विचारता. पायरीखालची माणसं एकमेकांना ढकलत पळाली. मी ओरडून सांगत होतो, "मीच पकडला, मी पकडला," पण ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. गुरुजी तेवढे खुर्चीत बसून राहिले, पांढरेफटक.

मच्छिंद्र भिंतीला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात वर, वस्तरा खाली पडलेला.

"मी नाही," तो म्हणत होता. "दादा, सांग ना त्यांना. मी नाही."

मॅडमनी माझा हात टॉवेलनं घट्ट बांधला. मी त्यांना गोळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मच्छिंद्रकडं बघितलं. त्या त्याला रागावल्या नाहीत. जवळ जाऊन नुसता हात पुढं केला. त्यानं खिशातून एक पिवळा फुगा काढून त्यांच्या हातावर ठेवला. न फुगवलेला, तोंडाशी गाठ मारलेला. आत गोळ्या होत्या, खुळखुळ्यासारख्या वाजल्या.

मॅडम दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"फुगे मीच दिले होते," त्या म्हणाल्या. "हाताची थरथर थांबली त्या दिवशी विचारायला हवं होतं, का थांबली. मी टाळ्या वाजवल्या."

जीप त्याला घेऊन गेली. अण्णांनी शटर स्वतः खाली ओढलं, खोकत खोकत. घरी येताना मला एवढंच म्हणाले, "तुझ्या गळ्याला काही झालं होतं का? नाही ना?" काही झालं नव्हतं. त्यानंतर अण्णा दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि त्याच थंडीत गेले. दहाव्याला मच्छिंद्रला रजेवर आणलं होतं. नदीवर शेजारच्या गावच्या न्हाव्यानं आमची दोघांची डोकी केली. मच्छिंद्र सगळा वेळ त्या न्हाव्याच्या हाताकडं बघत होता. त्याचा स्वतःचा हात मांडीवर थरथरत होता, कारण आता गोळीऐवजी महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन मिळत होतं.

तांबोळी मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला म्हणाल्या, "हात हलतो ना? मग हलणाऱ्या हातानं काय काय होतं ते बघू." त्यांनी शोधून काढलं. डोक्याची चंपी, मानेचं मालिश, गरम टॉवेल, केस धुणं, झाडलोट. वर्षभरानं त्याला घरी सोडला तेव्हा त्या स्वतः येऊन आठवडाभर दुकानात बसल्या, गिऱ्हाइकासारख्या वर्तमानपत्र वाचत. चंपी त्याची झकास आहे. बाहेरगावचे ड्रायव्हर मुद्दाम थांबतात. बाजारातले जुने लोकही आता बसतात त्याच्यासमोर, पण डोळे मिटत नाहीत. मी आरशात बघतो ना.

माझ्या तळहातावर आडवा व्रण आहे. नवं माणूस विचारतं तेव्हा मी सगळं सांगतो, की मीच पातं धरलं, त्यानं आयुष्यात कुणाला कापलं नाही. लोक ऐकून घेतात. मग म्हणतात, "भावाला सांभाळून घेता, चांगलं आहे."

मच्छिंद्र बरा आहे. वेळेवर इंजेक्शन घेतो, जेवतो, माझ्या पोरींना शाळेत सोडतो. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायचा. टॉवेल दे, पाणी संपलं, शटर ओढ. त्या सोमवारनंतर त्यानं मला दादा म्हटलं नव्हतं. मीही कधी विषय काढला नाही. न्हाव्यासारखा न्हावी असून मला त्याच्यासमोर शब्द सापडायचे नाहीत.

परवाच्या सोमवारी दुकानाची किल्ली खुंटीवर दिसली नाही म्हणून मी बघायला गेलो. शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरलो तर मच्छिंद्र माझ्या खुर्चीमागं उभा. वाटीत फेस केलेला, कापड हातावर घेतलेलं. दोघांचेही केस आता पांढरे व्हायला लागलेत, ते आरशात नीट दिसत होतं.

"बस," तो म्हणाला.

त्यानं वस्तरा उघडून माझ्यासमोर धरला. आत ब्लेड नव्हतं. मी बसलो.

त्यानं कापड बांधलं, कॉलर आत दुमडली, फेस लावला. मग वस्तरा गालावर आला, आणि ती जुनी थरथर पत्र्यातून कातडीला लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एक गाल झाला, दुसरा झाला. फेस निघत होता आणि खुंट तसेच राहत होते. मग त्यानं माझं डोकं मागं टेकवलं आणि वस्तरा घाटीवर आला. तिथं तो थांबला.

"हलू नको," तो म्हणाला.

आवंढा गिळायचा होता तो तसाच ठेवला.

"कोण म्हणतंय?" मी विचारलं.

हात थरथरत होता.

"मी म्हणतोय, दादा," तो म्हणाला. "मीच."

मग मी डोळे मिटले.